चांगुणाचा हात आणि बाकीची चांगुणा

"गाठडी पाठवू नका. माझा हात त्यात जाईल. म्हशी खातील."

चांगुणा हे बोलली तेव्हा तिचा उजवा हात मशीनच्या लोखंडी पाट्याखाली होता, जवळजवळ कोपरापर्यंत. ती ओरडली नाही. ओरडला तो मशीनवाला. पाटा वर घ्यायचा दांडा कुठला हेच तो विसरला आणि डोक्याला हात लावून खाली बसला. चांगुणानेच त्याला सांगितलं, "डावीकडचा. डावीकडचा ओढ रे."

शहापूर-मुरबाड रस्त्याला तेव्हा गवताची वखार होती. दिवाळीनंतर माळावरचं गवत कापून वाळवायचं, वखारीत आणायचं, मशीनच्या खोक्यात भरायचं. वरून पाटा येतो, गवत दाबतो, मग तारेने बांधून गाठडी बाहेर काढायची. त्या गाठड्या ट्रकने मुंबईच्या तबेल्यांत जायच्या. मी आणि चांगुणा खोक्यात गवत भरायच्या कामावर होतो, बरीच वर्षं. त्या दिवशी तारेचा फास तिच्या मनगटाला कसा बसला ते कोणी पाहिलं नाही. पाटा खाली आला, तार ताणली, आणि तारेने तिला आत घेतलं.

पाटा वर गेल्यावर जे बाहेर आलं त्याला हात म्हणायचं म्हणून म्हणायचं. बोटं होती, पण करंगळी नव्हती. मी तिचाच पदर फाडून दंडाला आवळला. बायांनी तिला टेंपोत घातलं. टेंपो सुरू झाला तशी तिने मान बाहेर काढली.

"शेवंते, करंगळी गाठडीतच हाय. शोध."

मुकादम म्हणाला की ट्रक भरून उभा आहे, ती एक गाठडी राहिली आहे, एका बोटासाठी ट्रक थांबत नाही. मी तार कापली. आम्ही चार बाया गवत झाडत बसलो, तांदूळ निवडतात तसं. मुकादम शिव्या देत फेऱ्या मारत होता, पण गाठडीजवळ येत नव्हता. करंगळी मलाच सापडली. मी ती पदराच्या गाठीत बांधली आणि घरी नेऊन खड्याच्या मिठात ठेवली. माझ्या घरी मीठ नेहमी जास्त असतं. मी बोंबील, मांदेली आणून खारवते. दुसरं काही मला सुचलं नाही.

चांगुणा कशी होती हे ज्याला माहीत नाही त्याला हे सगळं वेड वाटेल. ती वेडी नव्हती. तिचा हिशेब सरळ होता.

गावकीची भांडी तिच्या घरी असायची. शेणव्याच्या बाजूला आमचं गाव. गावात लग्न असलं की मोठे टोप, पराती, झारे, डाव, रस्सा-वरपं वाढायच्या बादल्या, सगळं तिच्या घरातून जायचं आणि लग्न झालं की तिच्या घरी परत यायचं. आमच्या बुद्धवाडीची भांडी वेगळी, ती आम्ही वर्गणीतून घेतलेली. तेव्हा तिच्याकडची भांडी मी फक्त लांबून पाहिली आहेत. ती दारात बसायची. आलेल्या प्रत्येक टोपाच्या काठावरून बोट फिरवायची. पोचा लागला की थांबायची. "हा नेताना नव्हता." एकदा एक झारा कमी आला. लग्नघरचे लोक म्हणाले, असेल कुठे, उद्या बघू. चांगुणा त्यांच्या मांडवात जाऊन बसली. नवी नवरी घरात आली होती, लोक दमलेले होते, आणि ही मांडवात बसलेली. झारा गोठ्यात सापडला. तो घेऊन ती घरी गेली. जाताना म्हणाली, "नेलं तसं आणायचं. एवढंच तर सांगते."

अंगाबद्दलही ती हेच म्हणायची. अंग आपलं नाही. वापरायला दिलं आहे. नेलं तसं परत द्यायचं आहे, आणि वर कोणीतरी दारात बसलेलं आहे.

म्हणून ती विंचरताना निघालेले केस गुंडाळून कुडाच्या भेगेत खोचायची. नखं कापली की पुरायची. पोरांचे पडलेले दुधाचे दात तिने कौलांवर टाकू दिले नाहीत, कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवले. मी म्हटलं, "त्याला नवे आले की. हे पण द्यायचे का परत?" ती म्हणाली, "विचारलं तर दाखवायला."

हिवतापाच्या दिवसांत दवाखान्याची बाई घरोघर फिरून बोट टोचायची आणि काचेवर रक्त घ्यायची. चांगुणाने बोट दिलं. पण बाई निघाली तशी तिने विचारलं, "आणि परत कधी?" बाईला वाटलं, ती रिपोर्टचं विचारते आहे. म्हणाली, सोमवारी. सोमवारी बाई आली आणि ताप साधा आहे म्हणून सांगू लागली. चांगुणा हात पुढे करून उभी. "ते ऱ्हाऊ दे. माझं दे." त्या बाईने पुढे आमच्या गावाकडे यायचं काम दुसरीला दिलं.

तिसरं पोर झाल्यावर तिला ऑपरेशन करून घे म्हणून सगळे मागे लागले. सासू, नणंद, दवाखान्याची बाई. ती कोणाला नाही म्हणाली नाही. शिबिराच्या दिवशी नवऱ्याला, राघोला, बरोबर घेऊन गेली आणि त्याला आत पाठवलं. राघो गरीब माणूस, त्याला बहुतेक आत गेल्यावर कळलं. तो परत आला आणि खाटेवर पडून राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की पोट बिघडलं आहे. आळीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पुरुष हसले नाहीत, त्यांनी चांगुणाच्या घरासमोरून जायचं कमी केलं.

मी तिला वखारीत विचारलं, "आणि त्याचं काय? त्याला नाय का अंग परत द्यायचं?"

"देवाने इचारलं तर मी सांगेन. माझ्या हुकमावरनं झालं."

"तुला कोण इचारतंय तिथे?"

"तुझी पाटी कोरी, तू बोलू नको."

पाटी म्हणजे माझे हात. चांगुणाचं माहेर मुरबाडकडचं. लग्नाआधी म्हसाच्या जत्रेत तिच्या आईने तिला गोंदवून आणली होती. मनगटापासून कोपरापर्यंत उजव्या हाताला तुळस, फणी, ठिपक्यांच्या रांगा आणि एक विंचू. डाव्या हाताला काही नाही. डाव्याची वेळ आली तेव्हा ती पळून गेली होती आणि बैलबाजारात सापडली. माझ्या हातांना काहीच नाही. आमच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा बापाने सांगितलं की यापुढे घरातल्या पोरीला कोणी टोचणार नाही, ना गोंदण, ना देवाचं काही. चांगुणाला याचं फार वाईट वाटायचं. ती म्हणायची, मेल्यावर डागदागिने उतरवून घेतात, लुगडं घेतात, बांगड्या घेतात. गोंदण तेवढं बाईबरोबर जातं. "तुला वर कोण वळखणार गो?"

मी म्हणायचे, "आमच्यात वर कोणी नाय."

"मग तर तुझे हालच."

आमचं बोलणं असं होतं. मैत्रीण वगैरे मी म्हणणार नाही. मी तिच्याहून मोठी, तरी ती मला शेवंते म्हणायची. मी तिला चांगुणाबाय म्हणावं असं तिच्या घरच्यांना वाटायचं. मी चांगुणा म्हणायचे. वखारीत आम्ही एका खोक्यावर काम करायचो, एकाच तारेला दोन टोकांनी धरायचो, पण पाणी ती आपल्या बाटलीतलं प्यायची. तिची बाटली संपली तर तहानलेली राहायची. माझी बाटली शेजारी असायची. मी कधी पुढे केली नाही. नको म्हणवून घ्यायची मला हौस नव्हती.

तर अशा बाईचा उजवा हात गेला. गोंदलेला.

शहापूरहून तिला ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथलं मला तिच्या मुलाने, काशिनाथने सांगितलं. तो वाशिंदला कंपनीत आहे, खोटं बोलायला त्याला वेळ नसतो. डॉक्टर म्हणाला, कोपराखाली कापावा लागेल, नाहीतर विष वर चढेल. चांगुणा म्हणाली, कापा. पण कापलेला मला द्या. डॉक्टर म्हणाला, तो दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर जाळतात, तशी पद्धत आहे. ती म्हणाली, मग नका कापू. ते तिला विषाचं समजावत होते आणि ती त्यांना कचरा म्हणजे काय ते समजावत होती. शेवटी काशिनाथने लिहून दिलं की हात आम्ही नेतो, आमची जबाबदारी. गुंगीचं औषध द्यायच्या आधी तिने मुलाला सांगितलं, "जाळायचा नाय. पुरायचा नाय. मी येईस्तोवर हाय तसा ठेवायचा."

तिचं काय गेलं, तिने फक्त सांगून टाकलं. काशिनाथ हात कशात ठेवणार? त्याने मासळीवाल्याकडून थर्माकोलचा खोका घेतला, बर्फ घेतला, आणि खोका मांडीवर घेऊन रिक्षाने गावाकडे निघाला. वाटेत दोघातिघांनी विचारलं, काय रे, पापलेट का? तो म्हणाला, नाय, आय.

गावाच्या वेशीवर त्याला अडवलं. आप्पा होते. आप्पा म्हणजे गावकीतले मोठे, गावात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. त्यांच्या नातवाचं लग्न तोंडावर आलं होतं. आता हा हात मेलेला का जिवंत, यावर वेशीवर बोलणं सुरू झालं. मेलेला म्हणावा तर सुतक येतं. चांगुणा आप्पांच्या भावकीतली, म्हणजे सुतक सगळ्या भावकीला आणि लग्न पुढे जातं. शिवाय सुतक चांगुणाने स्वतः पाळायचं का, हेही कोणाला सांगता येईना. जिवंत म्हणावा तर जिवंत माणसाचा हात खोक्यात का? स्मशानात नेऊन टाकावा तर त्याहून वाईट. एकदा स्मशानात गेलेलं माणूस घरी परत येत नाही, मग हात तिकडे आणि बाई चुलीपुढे, हे कसं चालेल? आणि त्या खोक्याला हात लावायला कोणी तयार नाही, कारण लावला की बाटला. बर्फ वितळत होता.

मग कोणालातरी आमची आठवण झाली.

आप्पा ओढा ओलांडून बुद्धवाडीत आले, बरोबर दोन माणसं. ओट्यावर चढले नाहीत. खालूनच म्हणाले, "शेवंताबाय." काम असलं की बाय लागतो. म्हणाले, तुम्ही चांगुणाच्या जवळच्या. तेवढा तो जिन्नस ओढ्याच्या पलीकडे कुठेतरी दाबून टाका. तुमच्यात काही अडत नाही. तुमच्या वाडवडिलांनी गावाची अशी कामं केलीच आहेत.

मी भाकरी करत होते. तिची करंगळी माझ्या मागे फळीवर, मिठाच्या बरणीत होती. ती मी आणली, कारण चांगुणाने सांगितलं होतं. हे काम मला गाव सांगत होतं.

मी म्हटलं, "ते काम आमी सोडलं."

"कधी?"

"माझ्या जन्माच्या आधी. तुमाला अजून कळवलं नाय का कोणी?"

आप्पा तापट नव्हते. थोडे उभे राहिले आणि परत गेले.

त्यांच्यामागून काशिनाथ आला, खोका घेऊन. खोक्यातून पाणी गळत होतं. त्याने मला काही उचल म्हटलं नाही. विचारलं, "मावशी, आय येईस्तोवर टिकवायचा कसा?" मी त्याला मिठाचं पोतं दाखवलं आणि एक नवं मडकं दिलं. सांगितलं, बोंबलाला लावतो तसं नाही, मोठ्या माशाला भरतो तसं. खाली थर, वर थर, मधे जागा ठेवायची नाही. तो म्हणाला, "तुमी लावता का?" मी म्हटलं, "हात तुझ्या आयचा हाय. याने तुला भरवलंय. मला नाय." त्याने लावलं. आधी डोळे मिटून, मग उघडे ठेवून. मनगटावरची तुळस बरी राहिली होती. तो ती बघत बसला. नंतर मी बरणीतली करंगळी काढून दिली. ती त्याने जागेवर ठेवली, जिथे असायची तिथे. मडक्याचं तोंड बांधलं आणि वेशीवरच्या आंब्याला उंच टांगलं, कुत्री पोचणार नाहीत असं. आळीतली पोरं तेवढे दिवस शाळेला लांबच्या वाटेने गेली.

चांगुणा घरी आली तेव्हा बारीक झाली होती. हाताचं टोक पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेलं. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मडकं उतरव." मग तिने आप्पांना बोलावणं धाडलं. आप्पा आले, भावकी आली. मी माझं मडकं परत मागायला गेले होते असं म्हणा. अंगणाच्या कडेला उभी राहिले.

राघो मधेच बोलला. त्याने नवस केला होता, बायको वाचली तर म्हसाच्या जत्रेत पाठीत गळ टोचून घेईन. तो आता हे सगळ्यांसमोर सांगू लागला. चांगुणाने ऐकून घेतलं.

"माझा हात गेला, म्हणून तुझी पाठ द्यायची? देव काय भंगार गोळा करतो?"

 मग ती आप्पांकडे वळली. आप्पा म्हणाले, चांगुणे, तुझं दुःख आम्हाला कळतं. पण अंगाचा तुकडा तो तुकडा. तो घराजवळ नको, स्मशानात नको. लांब कुठेतरी नेऊन टाकावा आणि विषय मिटवावा. कोणाला सुतक नाही, कोणाला काही नाही.

चांगुणा म्हणाली, "आप्पा, तुमची नाळ कुठाय?"

आप्पांना कळलं नाही.

"जन्मलात तेव्हा कापली ना सुइणीने? कुठाय?"

"परसात. सगळ्यांची असते तिथे."

"ती तुमच्या अंगाचीच ना? कापली तेव्हा तुमी जिवंत होता का मेलेले?"

आप्पांनी उपरणं सारखं केलं.

"मग त्या दिवशी तुमच्या घरात सुतक होतं का सोयर?"

एक म्हातारी मागून म्हणाली, "सोयरच असतं गो बाय."

"मग झालं. माझ्या पोरांच्या नाळा परसात हायेत, मीच दाखवली जागा. त्यांच्या शेजारी माझा हात पुरणार. जिवंत माणसाचं कापलेलं घरात पुरतात. मेलेल्याचं बाहेर नेतात. मी मेले की मला बाहेर न्या. आज नाय."

 सोयरात लग्न अडतं का, हे आप्पांनी मनात तपासून घेतलं असावं. मग म्हणाले, "पण नाळेची तर पाचवी पुजतात."

"मग पुजू की."

आणि खरंच पुजली. परसात पेरूच्या झाडाखाली काशिनाथने खड्डा खणला. चांगुणाने मडक्याचं तोंड सोडून आत पाहिलं, सगळी बोटं आहेत ना म्हणून. करंगळी बघितली आणि माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने हळदकुंकू वाहिलं, तांदूळ टाकले, हिरव्या बांगड्या टाकल्या. मशीनखाली फुटल्या होत्या त्यांच्या जागी या नव्या. मडकं बांधलं, पुरलं, वर दगड ठेवला. आळीतल्या बाया पाचवीला येतात तशा आल्या आणि घुगऱ्या घेऊन गेल्या. कोणी गाणं म्हटलं नाही. काय म्हणायचं ते कोणाला ठरवता आलं नाही.

मी निघताना ती म्हणाली, "तुझं मीठ वापरलं. मीठ चालतं. मिठाला बाट नसतो."

मी म्हटलं, "आणि मडकं?"

"मडकं गेलं तुझं."

आप्पांच्या नातवाचं लग्न ठरल्या दिवशी झालं. त्याच्या आधी गावकीत कुजबूज होती की भांडी आता दुसऱ्या घरी ठेवावीत, सांभाळणारीच पुरी नाही. चांगुणाने सांगितलं की भांडी मोजायला डोळे लागतात आणि ते दोन्ही आहेत. भांडी तिच्याकडेच राहिली. हळदीच्या दिवशी सवाष्णी एकेक करून नवरदेवाला हळद लावत होत्या. चांगुणा पुढे झाली तशी नवरदेवाच्या आत्याने आडवा हात घातला. डाव्या हाताने हळद लावतात का? आणि एका हातात बांगड्या, दुसरा ओका, हे काय सवाष्णीचं रूप?  राघो तिथेच पंगतीला पाणी वाढत होता, जिवंत आणि धडधाकट, त्याने मान खाली घातली.

चांगुणा म्हणाली, "उजवा परसात हाय. जा, बोलाव त्याला. येत असेल तर मी मागे होते."

आत्या काही गेली नाही. नवरदेवाने स्वतःच गाल पुढे केला. त्याला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं, लवकर आटपायचं होतं. हे सगळं मला आमच्या वाडीतल्या वाजंत्रीवाल्याने सांगितलं. मला बोलावणं नव्हतं.

एका हाताने भाकरी थापता येत नाही. ते काम सुनेकडे गेलं. बाकी ती शिकली. वालाच्या शेंगा पायाच्या अंगठ्यात धरून सोलायची, सुईत दोरा दातांनी ओवायची. पदर तिला नीट घेता येत नसे. कोणी सारखा करायला गेलं तर चिडायची. वखारीकडून भरपाईचं काय झालं ते मला माहीत नाही, तिला माहीत आहे. तिने एकच गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगितली. ती मेल्यावर दगड उचलायचा, मडकं काढायचं, जे असेल ते तिच्या उजव्या बाजूला ठेवायचं आणि मग पेटवायचं. मुलं घाईत विसरतील, भावकी घाबरेल. "तू सांग त्यांना. तू कोणाला घाबरत नाय."

मी म्हटलं, "मी तुझ्याआधी जाणार. मी मोठी हाय."

"तुझं काय अर्धं गेलंय आधी? माझं गेलंय, बाकीची मागोमाग जाईन."

मग करोना आला. आप्पांना कल्याणला नेलं, तिथेच ते गेले. त्यांच्या अंगाला हात लावायला घरचं कोणी नव्हतं, लावू देतही नव्हते. पिशवीत बांधून, परक्या माणसांनी, लांबूनच. चांगुणाच्या हाताला हळदकुंकू मिळालं होतं. आप्पांना तेही मिळालं नाही. हे चांगुणाने ऐकलं. मग म्हणाली, "त्यांची नाळ तरी परसात हाय." राघो त्यानंतरच्या वर्षी गेला, झोपेत. त्याचं जे कमी होतं त्याबद्दल वर विचारलं का, ते काही कळलं नाही. राघो गेला त्या दिवशी बायांनी तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. उजव्या हाताच्या जमिनीत आहेत, त्या राहिल्या. त्याबद्दल कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

मी तिला शेवटची पाहिली ती गेल्या उन्हाळ्यात. आता मला ओढा उतरवत नाही, गुडघे गेले. त्या दिवशी उतरले, कारण तिच्या परसात जेसीबी आला आहे असं कळलं. काशिनाथ पक्का संडास बांधत होता. त्याची टाकी खणायची होती आणि टाकीची आखणी पेरूच्या झाडावरून जात होती. मी गेले तर चांगुणा त्या दगडावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेली. पायाशी सुपात वाल. अंगठ्यात शेंग धरून सोलत होती. जेसीबीवाला मशीन बंद करून तंबाखू मळत होता. काशिनाथ तिला सांगत होता की आई, हात काढून दुसरीकडे ठेवू, विधी करून ठेवू. ती ऐकत नव्हती. ती म्हणत होती की एकदा मशीनने घेतला, आता मशीनने काढायचा नाही.

मला बघून म्हणाली, "आलीस? याला सांग."

मी काशिनाथला म्हटलं, "टाकी गोठ्याच्या बाजूला घे."

"तिथे पाइप लांब पडतो, मावशी."

"पडू दे."

तो जेसीबीवाल्याकडे गेला. मशीन वळलं. ऊन फार होतं. ती खुर्चीवरून उठेना, मशीन परसातून निघेपर्यंत उठणार नाही म्हणाली. "पाणी दे गो," म्हणाली. सून आत होती, हाक ऐकू गेली नसावी. माझ्याजवळ माझी बाटली होती. मी ती पुढे केली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तिने गुडघ्यात धरून झाकण फिरवलं, वरून प्यायली, बाटली परत दिली.

"गरम हाय. फ्रीजमधलं आणायचं ना."

मग तिने आपला डावा हात माझ्या हाताशेजारी धरला, दोन्ही उघडे, कोरे. बघितलं. "घे. आता तुझ्यासारखी पाटी झाली."

"तुझी खाली हाय की."

"ती हाय," ती म्हणाली, आणि पायाने दगड चाचपून पाहिला.

ते मशीन भंगारात गेलं. वखारीच्या जागेवर आता बंगल्यांचे प्लॉट पडले आहेत. मुकादम गेला, आप्पा गेले, राघो गेला. करंगळीपासून कोपरापर्यंत चांगुणाही गेली आहे. बाकीची चांगुणा आहे.